होकारार्थी अहवाल म्हणजे निदान नव्हे
एच.आय.व्ही. चाचणी, अन्य विषाणुसंसर्ग आणि वैद्याचे कर्तव्य

आयुर्वेदाने चिकित्सेच्या आधी परीक्षेला स्थान दिले आहे. प्रथम रोगाची परीक्षा, त्यानंतर औषधाचा विचार आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष कर्म, हा क्रम चरकसंहितेने घालून दिला. विद्यार्थिदशेत आपण तो पाठ करतो. परंतु प्रयोगशाळेचा छापील अहवाल हाती आला की परीक्षा संपली, असे मानण्याची सवय आज आपल्यालाही जडली आहे. हिमोग्लोबिन किंवा रक्तशर्करा यांच्या बाबतीत या सवयीने फारसे बिघडत नाही. एच.आय.व्ही.च्या बाबतीत मात्र अहवालातील एका शब्दावर माणसाचा विवाह, नोकरी, घरातील स्थान आणि कधी कधी त्याचा प्राणही अवलंबून असतो. तो शब्द काय सांगतो व काय सांगत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

विषय नाजूक आहे. ‘चाचणी चुकू शकते’ एवढेच अर्धवट ऐकून कोणी खऱ्या रुग्णाला खोटा दिलासा देऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. म्हणून दोन्ही बाजू मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

चाचणी नेमके काय पाहते?

एच.आय.व्ही.ची नेहमीची चाचणी, मग ती एलायझा असो वा पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी रॅपिड चाचणी असो, प्रत्यक्ष विषाणूला पाहत नाही. त्या विषाणूविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे रक्तात आहेत काय, हे ती पाहते. चौथ्या पिढीच्या चाचण्या प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी-२४ नावाचे प्रथिनही शोधतात. चाचणीच्या संचात विषाणूची प्रथिने बसविलेली असतात. रुग्णाच्या रक्तातील काही घटक त्यांना चिकटला, की रंग उमटतो किंवा रेषा दिसते. त्या अर्थाने ही चाचणी प्रत्यक्ष नसून अनुमान आहे. रंग हा हेतू, संसर्ग हे साध्य.

अनुमान कोठे फसते, हे न्यायदर्शनाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. डोंगरावर दिसलेल्या धुरावरून अग्नीचे अनुमान योग्य. पण जे दिसले तो धूरच नसून बाष्प असेल, तर अनुमान कोसळते. चाचणीतही असेच घडते. विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले प्रतिपिंड एच.आय.व्ही.विरुद्ध तयार झालेलेच असेल, असे नाही. दुसऱ्याच कारणाने निर्माण झालेले प्रतिपिंड तेथे चिकटले, तर रंग तसाच उमटतो. यालाच ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ किंवा आभासी होकार म्हणतात.

हा दोष चाचणीच्या जन्मापासून ज्ञात आहे. अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये पहिल्या एलायझा चाचणीला परवाना मिळाला, तो मुख्यत्वे रक्तदात्यांचे रक्त तपासण्यासाठी. दूषित रक्ताची एकही पिशवी निसटू नये, हा तिचा उद्देश. अशा चाचणीने थोडे अधिक संशयी असणे हेच इष्ट होते. त्या काळी संचासाठी लागणारा विषाणू मानवी पेशींवर वाढविला जाई. त्यामुळे विषाणूच्या प्रथिनांसोबत त्या पेशींचीही प्रथिने संचात येत. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया आणि वारंवार रक्त घेतलेले रुग्ण यांच्या शरीरात परक्या मानवी पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असू शकतात. ती तेथे चिकटत आणि निष्पाप स्त्रीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येई. पुढे कृत्रिमरीत्या तयार केलेली शुद्ध प्रथिने वापरात आली व हा दोष पुष्कळ कमी झाला. नाहीसा झाला नाही.

अन्य विषाणूंचा संबंध

कोणताही तीव्र विषाणुसंसर्ग झाला की शरीराची प्रतिकारयंत्रणा वेगाने कामाला लागते. काही संसर्गांत बी-लिंफोसाइट या पेशी एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर उद्दीपित होतात आणि नानाविध प्रतिपिंडांचा पूर येतो. त्यांतील काही फारशी नेमकी नसतात. जेथे थोडेसे साम्य आढळेल तेथे ती चिकटतात. एपस्टाइन-बार विषाणूमुळे होणारा ग्रंथिज्वर हे याचे प्रसिद्ध उदाहरण. ताप, घसादुखी, मानेतील गाठी आणि थकवा असलेल्या अशा रुग्णात एच.आय.व्ही.ची चाचणी तात्पुरती होकारार्थी येऊन काही काळाने नकारार्थी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. हिवताप, शिस्टोसोमा कृमीचा उपद्रव व आफ्रिकेतील निद्रारोग यांच्या संदर्भातही असे आभासी होकार नोंदले गेले आहेत. ल्यूपस व आमवातसदृश संधिविकारांतील स्वप्रतिपिंडेही अशी गफलत करू शकतात. आपल्या चिकित्सालयांत संधिविकारांचे रुग्ण बहुसंख्येने येतात, म्हणून याची विशेष नोंद घ्यावी.

१९९१ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील रक्तपेढ्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. त्या हंगामाची इन्फ्लुएंझाची लस नुकतीच घेतलेल्या काही रक्तदात्यांच्या चाचण्या एकाच वेळी एकाहून अधिक विषाणूंसाठी होकारार्थी येऊ लागल्या, त्यांत एच.आय.व्ही., एच.टी.एल.व्ही. आणि हिपॅटायटिस-सी यांचा समावेश होता. एकाच माणसाला तीन असंबद्ध संसर्ग एकदम व्हावेत, हे संभवनीय नव्हते. पुष्टीच्या चाचण्यांत ते संसर्ग सिद्ध झाले नाहीत. लशीने कोणालाही एच.आय.व्ही. झाला नव्हता, प्रतिकारयंत्रणेच्या तात्कालिक खळबळीने चाचणीचे संच फसले होते.

कोविड-१९ च्या साथीने हाच धडा नव्याने शिकविला. २०२० नंतर कोविडच्या रुग्णांत एच.आय.व्ही.ची प्राथमिक चाचणी होकारार्थी व पुष्टीची चाचणी नकारार्थी आल्याची वृत्ते अनेक देशांतून प्रसिद्ध झाली. कोरोना विषाणूवरील काटेरी प्रथिन आणि एच.आय.व्ही.चे जी.पी.-४१ हे प्रथिन यांच्या रचनेत काही साम्य आहे, दोन्ही विषाणूंना पेशीत शिरण्यास मदत करतात. त्यामुळे हा गोंधळ होत असावा, असे मत तज्ज्ञांनी मांडले.

याहून बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोविड लशीचे आहे. त्या लशीतील प्रथिनाचा आकार स्थिर राहावा म्हणून संशोधकांनी त्यास जी.पी.-४१ चा एक छोटा अंश जोडला होता. त्या अंशापासून संसर्ग होणे शक्यच नव्हते. परंतु पहिल्या टप्प्यातील २१६ स्वयंसेवकांच्या चाचणीत असे दिसून आले, की लस घेतलेल्यांच्या शरीरात त्या अंशाविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात आणि एच.आय.व्ही.च्या काही चाचण्या होकारार्थी येतात. पुढील तपासात कोणातही विषाणू नव्हता. तरीही ११ डिसेंबर २०२० रोजी ती लस पुढे न नेण्याचा निर्णय जाहीर झाला. लाखो निरोगी माणसांच्या चाचण्या फसल्या असत्या, तर निदानाची व्यवस्थाच अविश्वसनीय ठरली असती. आभासी होकाराचे सामाजिक मूल्य किती मोठे असते, हे यावरून ध्यानात यावे.

थोडे गणित

यावर कोणी म्हणेल, की आजच्या चाचण्या ९९ टक्क्यांहून अधिक अचूक आहेत, मग एवढी चिंता कशासाठी? येथे गणिताचा आधार घेणे भाग आहे.

भारतातील प्रौढांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. समजा, सर्वसाधारण समाजातील १०,००० प्रौढांची एकेक चाचणी केली. त्यांत सुमारे २० जण खरोखर बाधित असतील व चांगली चाचणी त्या सर्वांना पकडेल. उरले ९,९८० निरोगी. चाचणीची विशिष्टता ९९.५ टक्के धरली, तर यांतील सुमारे ५० जणांचा अहवाल चुकून होकारार्थी येईल. म्हणजे एकूण ७० होकारार्थी अहवालांत खरे केवळ २०. चाचणी उत्तम असूनही, पहिल्या होकारापाशी थांबल्यास दहापैकी सात जणांवर खोटा शिक्का बसेल.

आता या ७० जणांची वेगळ्या प्रथिनांवर आधारलेली, तितक्याच क्षमतेची दुसरी चाचणी केली, तर ते २० जण पुन्हा होकारार्थी येतील. आणि ५० निरोगी व्यक्तींपैकी क्वचितच एखादी चुकीने उरेल. तिसऱ्या चाचणीनंतर चूक उरण्याचा संभव नगण्य होतो. दुसरी चाचणी वेगळ्या प्रथिनांवर आधारलेली असावी, यालाच सर्वाधिक महत्त्व आहे. तोच संच पुन्हा वापरल्यास तेच प्रतिपिंड त्याच जागी चिकटेल, आणि एकच चूक दोनदा घडून ती खात्रीसारखी भासेल.

ज्या समाजगटात बाधेचे प्रमाण अधिक, तेथे हेच गणित उलट फिरते व पहिला होकारही बहुधा खरा ठरतो. अहवालाचा अर्थ रुग्णाच्या पूर्ववृत्तावर अवलंबून असतो, तो असा. प्रश्नपरीक्षेचे मोल आपल्या शास्त्राने जाणले आहेच; येथे ते संख्येनेही सिद्ध होते.

सरसकट सक्तीच्या चाचणीचे काय होते, हे अमेरिकेतील इलिनॉय राज्याने अनुभवले. तेथे १९८८ च्या जानेवारीपासून विवाहपूर्व एच.आय.व्ही. चाचणी सक्तीची झाली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ व्यक्तींच्या चाचण्यांतून अवघे आठ जण बाधित आढळले. पुष्कळ जोडपी परवान्यासाठी शेजारच्या राज्यांत जाऊ लागली आणि १९८९ मध्ये तो कायदा रद्द झाला. गोव्यात २००६ साली असाच प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्यावरही बरीच चर्चा झाली होती. विवाह ठरविताना चाचणीचा आग्रह धरणाऱ्या पालकांना हे गणित समजावून सांगणे, हे कुटुंबवैद्याचे काम आहे. चाचणी स्वेच्छेने जरूर करावी. मात्र एका होकारावर लग्न मोडू नये.

आपल्या देशातील पद्धत

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने वरील तत्त्व फार पूर्वीच स्वीकारले आहे. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, अर्थात आय.सी.टी.सी.मध्ये, लक्षणे नसलेल्या व्यक्तीचे निदान वेगवेगळ्या प्रथिनांवर वा तत्त्वांवर आधारलेल्या तीन चाचण्या होकारार्थी आल्यावरच केले जाते. निकाल परस्परविरोधी आले, तर अहवाल ‘अनिर्णित’ ठरवून दोन ते चार आठवड्यांनी नवा नमुना घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सर्व देशांनी सलग तीन होकारार्थी चाचण्यांवरच निदान करावे, अशी शिफारस केली.

रक्तपेढीचा उद्देश वेगळा असतो. तेथे एकाच चाचणीच्या होकारावर पिशवी नष्ट केली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तो दात्याच्या रोगाचा निर्णय नव्हे. अशा दात्याला आय.सी.टी.सी.कडे पाठविले जाते. खाजगी प्रयोगशाळा व शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या यांतील एका रॅपिड चाचणीचा निकालही याच कोटीत मोडतो. त्यातच नमुन्यांची अदलाबदल, मुदत संपलेला संच, किंवा ठरलेल्या वेळेनंतर वाचलेली पुसट रेषा ही मानवी कारणेही असू शकतात.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. सी.डी.४ पेशींची घटलेली संख्या हा एच.आय.व्ही.चा पुरावा नव्हे. अनेक तीव्र विषाणुसंसर्गांत ही संख्या तात्पुरती घटते व आजार ओसरल्यावर पूर्ववत होते. शंकास्पद होकाराला ‘कमी सी.डी.४’ची जोड देऊन निदान पक्के करणे, म्हणजे बाष्पाला धूर म्हणून, वर ढगालाही साक्षीला बोलावणे होय.

अठरा महिन्यांखालील बालक

बाधित मातेच्या बालकाची गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. मातेची प्रतिपिंडे वारेतून गर्भात जातात व जन्मानंतर अठरा महिन्यांपर्यंत बालकाच्या रक्तात राहू शकतात. त्यामुळे बालक पूर्ण निरोगी असले, तरी त्याची प्रतिपिंड चाचणी होकारार्थी येते. हे मातेचे ऋण आहे, बालकाचा रोग नव्हे. अशा बालकात विषाणूची जनुकद्रव्ये शोधणारी चाचणी करावी लागते; ती सहाव्या आठवड्यापासून शासकीय व्यवस्थेत उपलब्ध आहे. अंतिम निर्णय अठरा महिन्यांनंतर, स्तनपान थांबल्याचा काळ विचारात घेऊन होतो.

बरे केल्याचे श्रेय

आता आम्ही आमच्याच व्यवसायाशी निगडित अशा मुद्द्याकडे वळतो. ‘अमुक रसायनाने एच.आय.व्ही. पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह झाला’, असे दावे अधूनमधून ऐकू येतात. दावा करणारा प्रत्येक जण लबाड असतो, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा त्याने खरोखरच दोन अहवाल पाहिलेले असतात. परंतु पहिला अहवाल एका चाचणीचा, तोही तापाच्या काळातील. दुसरा तीन महिन्यांनंतरचा. मधल्या काळात औषध चालू होते आणि मूळचा ताप आपोआप ओसरला होता. प्रतिपिंडांचा पूर उतरला, आभास मावळला व श्रेय औषधाला मिळाले. अठरा महिन्यांच्या आतील बालकाच्या बाबतीत तर असा ‘चमत्कार’ मातेची प्रतिपिंडे नाहीशी होताच निसर्गतः घडतो.

खऱ्या संसर्गात निर्माण झालेली प्रतिपिंडे सामान्यतः आयुष्यभर टिकतात. आधुनिक औषधांनी रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तरी प्रतिपिंड चाचणी होकारार्थीच राहते. म्हणून पुष्टी झालेल्या प्रौढ रुग्णाची प्रतिपिंड चाचणी नकारार्थी आली, तर विजयाची घोषणा करण्याआधी पहिले निदान खरे होते काय, नमुना त्याच व्यक्तीचा होता काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत.

अशा दाव्याची किंमत कोण मोजतो? तो दावा ऐकून खरोखर बाधित असलेला दुसरा रुग्ण नियमित औषधे सोडतो. शासनाने १ एप्रिल २००४ पासून ए.आर.टी. औषधे मोफत देण्यास आरंभ केला आणि २०१७ पासून सी.डी.४ कितीही असो, प्रत्येक बाधितास उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. ही औषधे नियमित घेणारा मनुष्य दीर्घकाळ सकस आयुष्य जगू शकतो. ती सोडल्यास विषाणू पुन्हा उसळतो. ओजक्षय व राजयक्ष्मा यांच्या चिंतनातून बाधित रुग्णाचे अग्निबल, आहार, निद्रा व मनोबल यांची काळजी घेणे हे आपले क्षेत्र आहेच; पण ते ए.आर.टी.च्या सोबतीने. आभासी होकारावर उभारलेली कीर्ती एखाद्या खऱ्या रुग्णाच्या प्राणावर बेतावी, याहून मोठी शास्त्रहानी नाही.

दुसरी बाजू

आभासी होकार असतो, म्हणून प्रत्येक होकार आभासी मानणे ही तितकीच घातक चूक होय. नव्याने झालेला एच.आय.व्ही. संसर्गही ताप, घसादुखी, पुरळ व गाठी यांच्या रूपाने, अगदी ग्रंथिज्वरासारखाच प्रकट होऊ शकतो. त्या वेळी प्रतिपिंडे अपुरी असल्याने चाचण्या परस्परविरोधी येतात. म्हणजे ‘अनिर्णित’ अहवालामागे कधी आभास असतो, तर कधी संसर्गाचा आरंभ. दोहोंतील भेद ठरवितात ते काळ, पुनर्चाचणी आणि आवश्यक तेथे विषाणूचा थेट शोध घेणारी चाचणी. निर्णय होईपर्यंत रुग्णाने रक्तदान करू नये व शरीरसंबंधांत निरोधाचा वापर करावा, हे स्पष्ट सांगावे.

वैद्यबंधू-भगिनींना विनंती

पहिला होकारार्थी अहवाल घेऊन येणाऱ्या व्यक्तीला ‘तुम्हांला एच.आय.व्ही. झाला आहे’ असे म्हणू नये. ‘ही प्राथमिक चाचणी आहे, पुष्टी व्हायची आहे’ असे सांगावे. नुकताच झालेला ताप, लसीकरण, रक्तसंक्रमण, गर्भारपण, संधिविकार यांची तसेच जोखमीच्या प्रसंगांची चौकशी एकांतात, दोषारोप न करता करावी. चाचणी कोणत्या प्रकारची होती, हे अहवालावर पाहावे. नंतर व्यक्तीस आय.सी.टी.सी.कडे पाठवावे, तेथील चाचणी व समुपदेशन विनामूल्य आहे. १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही उपलब्ध आहे. अनिर्णित अहवालात पुढील तारीख लिहून द्यावी व ती पाळली जाते काय, हे पाहावे.

गुप्तता हा केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात असून, माहितीपूर्वक संमतीशिवाय चाचणी करणे, व्यक्तीची स्थिती उघड करणे आणि तिच्याशी भेदभाव करणे यांस तो मनाई करतो. लहान गावात चिकित्सालयातून बाहेर पडलेला शब्द सायंकाळपर्यंत चावडीवर पोहोचतो. पुढे पुष्टीचा अहवाल नकारार्थी आला, तरी तो शब्द परत घेता येत नाही.

आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान या तिन्हींनी परीक्षा करून मगच निश्चयाप्रत यावे, अशी आपल्या शास्त्राची शिकवण आहे. तीन चाचण्यांचा नियम या शिकवणीला परका नाही. एका हेतूवर विसंबून माणसाचे भवितव्य ठरवू नये, आणि सिद्ध झालेले निदान कोणाच्या समाधानासाठी नाकारू नये. एवढी दक्षता आपण सर्वांनी घेतली, तरी अनेक घरे विनाकारण उद्ध्वस्त होण्यापासून वाचतील व अनेक बाधित रुग्ण वेळेवर योग्य उपचारांपर्यंत पोहोचतील, असा आमचा विश्वास आहे.